उभ्या पिकात सालगडी बदलणं

नमस्कार मंडळी. मागच्यांना आवाज येतोय ना? बरं. मला फुटबॉलवर बोला म्हणले तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असंल की हा आता मेस्सीवर बोलणार, वर्ल्डकपवर बोलणार, पण मला बोलायचंय ते पॉइंट टेबलाच्या खालच्या टोकाबद्दल. तिथं कप नाही, मेडल नाही, तिथं फक्त बुडायचं नाही एवढंच असतं. आणि त्यातला एकच प्रश्न घेतो, सीझनच्या सात-आठ मॅच राहिल्यात, टीम खाली चाललीय, अशा वेळी मॅनेजरला, म्हणजे टीमच्या मुख्य कोचला, काढावं का? 2022 च्या एप्रिलमध्ये आम्ही पाच-सहा जण यावर जे भांडलो ते अजून मिटलेलं नाही, आणि त्या भांडणातून मला जे कळलं ते आज तुम्हाला सांगायलो.

आधी ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या आयपीएलमध्ये टीम शेवटची आली तरी पुढच्या वर्षी परत तिथंच असते. आपली फुटबॉलची लीग आयएसएल 2014 ला सुरू झाली तेव्हा तीपण तशीच होती, खाली जायचं भ्याव नव्हतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 20 टीम, प्रत्येकी 38 मॅच, आणि शेवटच्या तीन टीम सरळ खालच्या लीगमध्ये, तिचं नाव चॅम्पियनशिप. खाली गेलं की टीव्हीचा पैसा एकदम आटतो, म्हणून तीन वर्षांपर्यंत थोडा आधार देतात, त्याला पॅराशूट पेमेंट म्हणतात, पण तरी खेळाडू विकावे लागतात, आणि क्लबच्या ऑफिसात, स्वयंपाकघरात काम करणाऱ्या साध्या माणसाच्या पोटावर येतं. हे ध्यानात ठेवा, कारण मालक एप्रिलमध्ये जे निर्णय घेतात ते याच भ्यावानं घेतात.

आमचं भांडण झालं बर्नलीवरून. आता तुम्ही म्हणाल परभणीत बसून बर्नली कामून? तर ऐका. बर्नली हे कापसाचं गाव. उत्तरेकडं लँकेशायरमध्ये, सूत आणि मागावर उभं राहिलेलं, त्याच लँकेशायरच्या गिरण्यांना 1861 ला अमेरिकेतलं युद्ध पेटल्यावर कापूस मिळंना झाला तेव्हा त्यांची नजर आपल्या शेजारच्या वऱ्हाडाच्या काळ्या रानाकडं वळली होती. गावाची लोकसंख्या लाखाच्या आत, म्हणजे आपल्या परभणीपेक्षा कितीतरी लहान, आणि स्टेडियम जवळपास 22 हजारांचं. 1888 ला फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या 12 क्लबांपैकी हा एक. दोनदा इंग्लंडचे चॅम्पियन, 1921 आणि 1960 ला. आणि हाच क्लब 1987 च्या मे महिन्यात चौथ्या डिव्हिजनमधून बी बाहेर फेकला जायच्या बेतात होता, शेवटच्या दिवशी ओरिएंटला 2-1 हरवून वाचला. गिरण्या बंद पडल्या, लोक निघून गेले, क्लब राहिला. मला असल्या गावाबद्दल मनापासून आपुलकी वाटते, आपल्याकडं जिनिंग बंद पडल्यावर रस्त्याची काय कळा होते ते आपण बघितलंय.

तर तिथं शॉन डायश नावाचा मॅनेजर ऑक्टोबर 2012 ला आला. दोनदा टीम वर नेली. 2018 ला सातवा नंबर आणला, पन्नास वर्षांनी युरोपात खेळायची संधी, आणि स्टेडियमजवळच्या एका पबवाल्यानं त्याच्या नावावरून पबचं नाव बदलून रॉयल डायश केलं. साडेनऊ वर्षं एकच माणूस, आजकालच्या फुटबॉलमध्ये ही लई मोठी गोष्ट आहे.

15 एप्रिल 2022, शुक्रवार. आदल्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, रात्री उशिरापर्यंत मिरवणूक, सगळ्यांचे डोळे जड, आणि संध्याकाळी मोबाईलवर बातमी की डायशला काढलं. आठ मॅच शिल्लक, वाचायच्या रेषेपासून टीम चार पॉइंट खाली. नऊ दिवस आधी याच टीमनं एव्हर्टनला 3-2 हरवलं होतं, आम्ही उड्या मारल्या होत्या, मग तळाच्या नॉर्विचकडं जाऊन 2-0 हरले आणि विषय संपला. त्या रात्री आम्ही नेहमीच्या चहाच्या हॉटेलवर जमलो.

आमच्यात एक मोंढ्यातला आडतवाला आहे. हिशोबी माणूस. तो म्हणला, "30 मॅच आणि 24 पॉइंट, म्हणजे मॅचमागं एक पॉइंटबी नाही. माल खराब व्हायला लागला की मागचा भाव आठवत बसत नाहीत, मिळंल त्यात काढून मोकळं व्हायचं." आमचे क्रीडा शिक्षक होते, आता रिटायर झालेत, ज्यांनी आमच्या पिढीला अनवाणी बॉल मारायला शिकवलं, ते सर एवढा वेळ गप होते. ते म्हणले, "अरे, सालगडी कधी बदलतात? पाडव्याला. कामून? तर रान मोकळं झालेलं असतं, पुढच्या सालाचं बोलायला वेळ असतो. हे उभ्या पिकात बदलायलेत. आणि बदलून कोण आणलाय? कोणीच नाही!" हे खरंच होतं. पक्का नवीन मॅनेजर नव्हताच, ज्युनियर टीमचा कोच माइक जॅक्सन याला तात्पुरतं उभं केलं होतं आणि जखमी असलेला कॅप्टन बेन मी (‘मी’ हे त्याचं आडनाव) त्याच्या मदतीला. आडतवाला म्हणला, "सर, पीक जळायलंय, पाडव्याची वाट बघू का?" आणि मग जे सुरू झालं ते रात्री साडेबाराला हॉटेलवाल्यानं शटर अर्धं ओढलं तेव्हा थांबलं.

पुढं काय झालं ते बघा. वेस्ट हॅमकडं जाऊन 1-1. साउथॅम्प्टनवर 2-0. वुल्व्ह्जवर 1-0. मग 30 एप्रिलला वॉटफर्ड, 83 व्या मिनिटापर्यंत 1-0 नं मागं, आणि चार मिनिटांच्या आत जॅक कॉर्कचा गोल, जॉश ब्राउनहिलचा गोल, 2-1. चार मॅचमध्ये 10 पॉइंट! आडतवाल्यानं त्या रात्री सगळ्यांचे पैसे दिले. मी तेव्हा त्याच्या बाजूला गेलो, हे इथं उघड सांगतो. सरांना मी म्हणलो, सर, तुमची माया खरी पण आकडा बघा. सर काही बोलले नाहीत, चहा संपवला आणि घरी गेले. मला ते अजून लागून राहिलंय.

मग व्हिलाकडून 3-1 नं हरले. टॉटनहॅमकडून 1-0. व्हिलाशी परत 1-1. आणि आला 22 मे, शेवटचा दिवस, सगळ्या मॅच एकाच वेळी, आपल्याकडं रात्री साडेआठला. बर्नली आणि लीड्स दोघांचे 35-35 पॉइंट, पॉइंट सारखे असले की गोल फरक बघतात, तो बर्नलीचा लई चांगला, म्हणजे लीड्सएवढंच जरी केलं तरी वाचले. आम्ही दोन मोबाईल टेबलावर उभे केले, एकावर बर्नली एकावर लीड्स, आणि मंडळी, दोन मोबाईलमध्ये मान फिरवून फिरवून दीड-दोन तास काढणं काय असतं ते ज्यानं काढलेत त्यालाच माहीत, तिकडचं सिग्नल इकडच्यापेक्षा मागं, त्यामुळं ओरडा आधी ऐकू यायचा आणि गोल नंतर दिसायचा. न्यूकॅसलनं बर्नलीला 2-1 हरवलं. लीड्स ब्रेंटफर्डकडं 2-1 जिंकले, तो गोलबी जादा वेळेतला. लीड्स 38, बर्नली 35. खाली गेले.

आता आकडा काय सांगतोय? आठ मॅचमध्ये 11 पॉइंट. डायशच्या 30 मॅचमध्ये 24. आडतवाला आजबी म्हणतो, काढल्यामुळं सुधारलंच ना, उलट उशीर केला, जानेवारीत काढला असता तर वाचले असते. सर म्हणतात, चार मॅच नव्या वाऱ्यावर गेल्या, पुढच्या चारमध्ये एकच पॉइंट आला, शेवटच्या दिवशी तो माणूस पाहिजे होता ज्यानं अशा दहा लढाया बघितल्यात. मी हे प्रकरण मनात बरंच घोळवलं. एक गोष्ट आपण शेतकरी लोक समजू शकतो, सलग वाईट गेल्यावर पुढचं साल बरं जातं तेव्हा ते नव्या माणसामुळं गेलं की पाऊस त्याच्या सरासरीवर आला म्हणून गेलं, हे कसं ओळखायचं? मॅनेजरला तर काढतातच तेव्हा जेव्हा टीम सगळ्यात खाली असते. तिथून थोडं वर येणं बऱ्याचदा तसंबी होतंच. डच लीगच्या बऱ्याच वर्षांच्या मॅचेस घेऊन अर्थशास्त्रवाल्यांनी हे तपासलं, तशाच पडझडीत मॅनेजर न काढलेल्या टीमबी तेवढ्याच सावरल्या असं त्यांना दिसलं.

आणि बाकीची उदाहरणं दोन्ही बाजूंनी सापडतात, त्यामुळं कोणी एकच उदाहरण तोंडावर फेकलं तर गप बसू नका. संडरलँडनं 2013 ला सात मॅच ठेवून मार्टिन ओनीलला काढलं, वाचले. लीड्सनं 2023 ला चार मॅच ठेवून माणूस बदलला, सॅम अलार्डायसला आणलं, चार मॅचमध्ये एक पॉइंट, गेले खाली. न्यूकॅसलनं 2009 ला आपला लाडका अॅलन शिअरर आणला, आठ मॅच, 5 पॉइंट, गेले. वॉटफर्डनं तर 2020 ला दोन मॅच राहिल्या असताना नायजेल पिअर्सनला काढलं, दोन्ही हरले, एका पॉइंटनं बुडाले. आणि हाच पिअर्सन 2015 ला लेस्टरमध्ये होता, 29 मॅचमध्ये 19 पॉइंट, सगळ्यात तळाला, मालकांनी सीझन संपेपर्यंत काढलं नाही, पुढच्या 9 पैकी 7 मॅच जिंकला आणि टीम 14 व्या नंबरला. त्याच टीमनं पुढच्या वर्षी, दुसऱ्या मॅनेजरच्या हाताखाली, लीग जिंकली, ते तर जगाला माहिती आहे.

पण मला खरं बोलायचंय ते जानेवारीबद्दल. आपल्याकडं दुबार पेरणी असते. पाऊस दगा देतो, बी करपतं, माणूस उसनवारी करून परत पेरतो. पण त्यालाबी तारीख असते, सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत पेरलं तर पेरलं, त्यानंतर कितीबी भारी बियाणं आणा, उपयोग नाही. फुटबॉलमध्ये ती दुबार पेरणी म्हणजे जानेवारीची ट्रान्सफर विंडो. त्या महिन्यात खेळाडू विकत घेता येतात, त्यानंतर नाही. आता बर्नलीनं त्या जानेवारीत काय केलं? फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ज्या टीमनं लीगमध्ये फक्त एक मॅच जिंकली होती, तिचा मुख्य स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा गडी, क्रिस वूड न्यूकॅसलनं नेला, अडीच कोटी पौंडांना. न्यूकॅसल म्हणजे कोण, तर त्याच वेळी खाली बुडत असलेली दुसरी टीम! करारात कलम होतं, तेवढे पैसे दिले की सोडावा लागतो, मान्य आहे, पण तसलं कलम लिहिलं कोणी, मॅनेजरनं तर नाही. बदल्यात विंडोच्या शेवटच्या दिवशी वाउट वेगहॉर्स्ट आला, उंच, कष्टाळू, पण लीगमध्ये दोनच गोल. आणि शेवटच्या दिवशी बर्नलीला बुडवलं कोणी, तर न्यूकॅसलनंच.

म्हणून माझं सरांशीबी पूर्ण जमत नाही आणि आडतवाल्याशीबी नाही. मॅनेजरवरचा विश्वास गेला असंल तर डिसेंबरात काढा, नव्या माणसाला जानेवारी द्या, त्याला पाहिजे ते दोन खेळाडू द्या. ते केलं नाही तर मग मेपर्यंत त्याच्यासोबत उभे राहा. एप्रिलमध्ये नवा येतो तो त्याच अकरा पोरांना घेऊन, तेच गुडघे, तेच थकलेले पाय, आणि विकलेला स्ट्रायकर काही परत येत नाही. ज्यांनी जानेवारीत बसून सह्या केल्या ते आपल्या खुर्चीवरच असतात, आणि आपण फॅन लोक, हे मला जास्त लागतं, आपण त्या दिवशी खुश होतो की चला, काहीतरी झालं. मीबी झालो होतो, त्या 30 एप्रिलच्या रात्री.

एक सांगायचं राहिलं. बर्नली नंतर विन्सेंट कोम्पनीच्या हाताखाली 101 पॉइंट घेऊन परत वर आले, आणि 2024 ला परत खाली गेले, त्या वेळी मॅनेजर शेवटपर्यंत तोच ठेवला. पॉइंट किती? 38 मॅचमध्ये 24. डायशचे 30 मॅचमध्ये होते तेवढेच. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणले, म्हणजे त्या वेळी टीमच तेवढी होती रे. आडतवाला म्हणला, म्हणजे त्यालाबी काढायला पाहिजे होतं.

आणि डायश? 2023 च्या जानेवारीच्या शेवटी त्याला एव्हर्टननं बोलावलं, तीबी बुडायलेली टीम. पहिली मॅच 4 फेब्रुवारीला, शनिवार, समोर टेबलात एक नंबरवर असलेली आर्सेनल. आपल्याकडं संध्याकाळी सहाची मॅच, सर वेळेच्या आधी येऊन बसले होते, स्वेटर घालून, पुढच्या खुर्चीवर. कॉर्नर आला आणि हेडर मारला जेम्स टार्कोव्स्कीनं, जो कितीतरी वर्षं बर्नलीत डायशच्याच हाताखाली खेळला होता. 1-0. आडतवाला उठला, काउंटरवर गेला आणि सरांसाठी बिनसाखरेचा चहा सांगितला.