अंग बाहेर येते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या आजाराविषयी मी बोलणार आहे, तो पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे असतो आणि घरातल्या कोणालाही ठाऊक नसतो. मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे गुदाशय. हा गुदाशय आपली जागा सोडून गुदद्वारातून उलटा होऊन बाहेर येऊ लागला, की त्या विकाराला गुदभ्रंश म्हणतात. बोलीभाषेत ‘अंग बाहेर येते’ असे म्हणतात आणि पहिला घोटाळा तिथेच होतो, कारण गर्भाशय खाली उतरले तरी बायका हेच शब्द वापरतात. त्यामुळे ‘अंग येते’ एवढेच सांगणाऱ्या बाईला ‘कोणत्या वाटेने?’ असे स्पष्ट विचारावेच लागते. कधी कधी उत्तर ‘दोन्हीकडून’ असेही येते, कारण दोन्ही अवयवांना आधार देणारे स्नायू एकच असतात.

दुसरा घोटाळा मूळव्याधीचा. शौचाच्या जागेचे काहीही दुखणे असले, की आपण त्याला मूळव्याध म्हणून मोकळे होतो. माझ्याकडे आलेल्या एका मावशींनी तब्बल अकरा वर्षे मूळव्याधीची मलमे लावली होती. त्यांच्या पिशवीत जुन्या लुगड्याच्या घड्या घातलेल्या चिंध्या होत्या. शौचाला जाऊन आल्यावर बाहेर आलेला भाग चिंधीने आत सारायचा आणि दुसरी घडी लावून ठेवायची, असा त्यांचा रोजचा परिपाठ होता. एसटीचा प्रवास त्यांनी सोडला होता, भजनाला जाणे बंद केले होते आणि सुनेला कारण सांगितले होते गुडघेदुखीचे. तपासणीच्या टेबलावर कुशीवर झोपवून पाहिले, तेव्हा मलाही काही दिसले नाही. मग त्यांना शौचालयात उकिडवे बसवून कुंथायला सांगितले, आणि लालसर, ओलसर, मुठीएवढा गोळा बाहेर आला. गुदभ्रंशाचे निदान हे असे, बसवून करायचे असते. ज्यांना दवाखान्यात असे बसण्याचा संकोच वाटतो, त्यांनी घरी मोबाइलवर छायाचित्र काढून आणले तरी आमचे निम्मे काम होते.

दोन्हींतला फरक ऐकूनही समजेल असा आहे. मूळव्याधीचे कोंब वेगवेगळे असतात आणि त्यांच्यामधल्या खाचा चाकाच्या आऱ्यांसारख्या मधून बाहेर जातात. पूर्ण गुदभ्रंशात आतड्याची सगळी जाडी बाहेर आलेली असते आणि तिच्यावरच्या वळ्या हातातल्या बांगड्यांसारख्या गोल, एकीपुढे एक अशा दिसतात. फक्त आतले अस्तर घसरले असेल, तर तो अपुरा गुदभ्रंश. त्याचे उपचार वेगळे आणि पुष्कळदा सोपे असतात.

आतडे घसरते का, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाला आहे. १९१२ साली न्यूयॉर्कचे सर्जन मॉश्कोविट्झ यांनी हा एक प्रकारचा हर्निया आहे, असे मत मांडले. १९६८ साली ब्रोडेन आणि स्नेलमन यांनी क्ष-किरणांच्या चलत्चित्रांतून दाखवले, की आतडे आधी स्वतःच्याच पोकळीत शिरते आणि मग स्वेटरची बाही आतून ओढून उलटी व्हावी तसे खाली येते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. अशा रुग्णांमध्ये गुदाशयाला मागच्या त्रिकास्थीशी, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाशी, धरून ठेवणारे बंध सैल झालेले असतात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि गुदाशयापुढची खोलगट जागा नेहमीपेक्षा खोल असते. वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता आणि शौचाला बसून अर्धा अर्धा तास कुंथत राहण्याची सवय त्यात भर घालते. जुनाट खोकला, मज्जातंतूंचे काही आजार आणि वाढते वय हेही हातभार लावतात. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. मात्र सगळा दोष बाळंतपणांवर टाकू नये, कारण ज्यांना एकही मूल झालेले नाही अशा स्त्रियांनाही तो होतो.

लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे माकडहाड अजून सपाट असते आणि गुदाशय जवळजवळ सरळ उभा असतो. जुलाब, जंत, कुपोषण किंवा खडा झाल्यामुळे कुंथणे, एवढे कारण पुरते. आईबाप घाबरून जातात, पण बहुतेक मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. मूळ कारणावर उपचार करावेत, शौच मऊ राहील असे पाहावे आणि मुलाला उकिडवे बसवण्याऐवजी पाय टेकतील अशा भांड्यावर थोडाच वेळ बसवावे, म्हणजे काही महिन्यांत तक्रार थांबते.

आपल्या वैद्यकाला हा आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेत कुंथण्याने आणि अतिसाराने दुबळ्या माणसाचे गुद बाहेर येते असे सांगितले आहे, आणि ते शेकून, तेल-तूप लावून आत बसवल्यावर मध्ये छिद्र असलेल्या कातड्याचा गोफणीसारखा पट्टा बांधायला सांगितले आहे. शेतावर पाखरे हाकताना ज्याने गोफण हाताळली आहे, त्याला तो पट्टा डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही.

आरंभी अंग फक्त शौचाच्या वेळी येते आणि आपोआप आत जाते. पुढे ते हाताने सारावे लागते, आणि शेवटी खोकले, शिंकले, किंवा नुसते उभे राहिले तरी येते. कपड्यांना चिकट स्राव लागतो, थोडे रक्त जाते, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. निम्म्याहून अधिक रुग्णांना शौचावर ताबा राहत नाही, कारण गुदद्वार आवळून धरणारा स्नायू वारंवार ताणला जाऊन थकतो. माणसाला घरात कोंडून घालते ते हे लक्षण. दुखणे त्यामानाने कमी असते.

बाहेर आलेला भाग आत जाईनासा झाला, फार दुखू लागला किंवा काळानिळा पडला, तर मात्र रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा तो इशारा असतो. सूज आलेली असूनही रंग चांगला असेल, तर आम्ही त्यावर चक्क घरातली साखर पसरतो. साखर सुजेतले पाणी ओढून घेते आणि काही वेळाने भाग आत बसवता येतो. हे ऐकून कोणी घरीच प्रयोग करत बसू नये, हेही सांगून ठेवते.

प्रौढ माणसाचा पूर्ण गुदभ्रंश औषधाने बरा होत नाही. शस्त्रक्रियेआधी, विशेषतः रक्त जात असेल तर, दुर्बिणीने मोठे आतडे तपासून कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावी लागते.

शस्त्रक्रियेच्या दोन वाटा आहेत, पोटातून आणि खालून. पोटातून करायची शस्त्रक्रिया आता बहुधा दुर्बिणीने, लहान छिद्रांतून होते. गुदाशय मोकळा करून वर ओढतात आणि त्रिकास्थीशी टाक्यांनी किंवा जाळीने पक्का बांधतात. गुदाशय मागून आणि बाजूंनी फार मोकळा केला, तर पुढे बद्धकोष्ठता वाढते असे दिसून आले, म्हणून बेल्जियमचे सर्जन द’होर यांनी फक्त पुढच्या बाजूला जाळी शिवण्याची पद्धत रूढ केली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. जाळी आतड्यात रुतण्याची शक्यता थोडी असते, पण असते, आणि ती रुग्णाला आधी सांगणे हे सर्जनचे काम आहे. आतड्याचा वरचा भाग फार लांब आणि बद्धकोष्ठता तीव्र असेल, तर काही वेळा तो तुकडा काढूनही टाकतात. तरुण पुरुषांत ओटीपोटातल्या नसांना इजा झाली तर लैंगिक कार्यावर परिणाम होऊ शकतो, हेही शस्त्रक्रियेआधी मोकळेपणी बोलायला हवे.

ज्यांचे हृदय किंवा फुप्फुसे अशक्त आहेत, त्यांच्यासाठी खालची वाट. ही शस्त्रक्रिया पाठीच्या कण्यात भूल देऊन होते, पोटावर छेद नसतो आणि वेदना कमी. फ्रेंच सर्जन देलोर्म यांनी १९०० साली सांगितलेल्या पद्धतीत बाहेर आलेल्या भागाचे अस्तर सोलून काढतात आणि उरलेल्या स्नायूला परकराच्या नेफ्यासारख्या चुण्या घालून टाके भरतात. अंग फार लांब येत असेल, तर आल्टमायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने जास्तीचे आतडे खालूनच कापून उरलेली टोके जोडतात. खालून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते, अशी आमच्यात जुनी समजूत आहे. मात्र २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉस्पर’ या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात पद्धतींमध्ये ठळक फरक सिद्ध झाला नाही, आणि कोणत्याही पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे जगणे आधीपेक्षा सुसह्य झाले होते. म्हणूनच ‘आता या वयात कशाला ऑपरेशन?’ हे वाक्य मला मान्य नाही. वय पाहून शस्त्रक्रियेची पद्धत ठरते. शस्त्रक्रिया नाकारायला वय हे कारण पुरेसे नाही.

त्या मावशींची शस्त्रक्रिया खालूनच केली. अंग येणे थांबले, पण शौचावरचा ताबा लगेच आला नाही. स्नायूला सावरायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि काहींचा ताबा पूर्ण परत येतही नाही. पहिले काही आठवडे भरलेली घागर किंवा धान्याचे पोते उचलू नये. इसबगोल, भरपूर पाणी, आणि कळ आली तरच शौचाला बसणे, ही पथ्ये मात्र कायमची. वर्तमानपत्र शौचालयात नेण्याची सवय असेल, तर ती सोडावी, आणि मोबाइलचीही.

इतके करूनही काही जणांचे अंग पुन्हा येते. तसे झाले तर पुन्हा शस्त्रक्रिया करता येते, पण पहिल्या वेळी आतड्याचा तुकडा काढला होता का, हे सर्जनला नेमके कळावे लागते. कारण दुसऱ्यांदा चुकीच्या जागी कापले, तर जुना जोड आणि नवा छेद यांच्यामधल्या आतड्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागद, ज्याला आपण डिस्चार्ज कार्ड म्हणतो, तो रेशनकार्डाच्या जोडीने त्याच पिशवीत जपून ठेवा.

नमस्कार.