लाल कुंची आणि माळावरचा लांडगा

मंडळी, नमस्कार. वाचनालयाच्या टेबलावर ठेवलेलं चित्रपुस्तक म्हणजे लाल टोपीवालीची जुनी युरोपी गोष्ट, विदर्भातल्या खेड्यात आणलेली. टोपीची कुंची झाली, हे फार बरं झालं. कुंची तान्ह्या बाळाची खरी, पण पाठीवर सोडलेल्या कापडासकट ती तिथे नेमकी बसते. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या गोष्टीत टोपलीत केक आणि वाइन आहे. इथे भाकर आणि झुणका. मोहाची आणली नाही, ही चित्रकाराची कृपा.

गडबड लांडग्यापाशी आहे. आपल्याकडचा लांडगा दाट सागवनातला नव्हे. तो माळाचा, पडीक वावराचा, मेंढरांच्या मागावरचा. अंगानं सडपातळ, आखूड केसांचा, मातकट. पुस्तकात मात्र बर्फात शोभेल असा झुबकेदार प्राणी सागाआडून डोकावतो. पांदण माळावरून नेली असती तर लपायला झाडच नसतं आणि भीती उलट वाढली असती: आधी लांबवर एक ठिपका, पुढच्या पानावर जरा मोठा.

रंगाचंही तेच. कुंचीचा लाल हा पुस्तकातला एकुलता एक लाल हवा. इथे पोर फुललेल्या पळसाखाली उभी केलीय, शोधावी लागते. शिवाय पळस फाल्गुनातला आणि शेजारी सोयाबीन हिरवंगार! दिवाळीच्या सुमाराचं, बोंडं फुटलेलं कापसाचं वावर घेतलं असतं तर पांढऱ्यावर लाल उठून दिसला असता.

प्रश्नोत्तरं हा गोष्टीचा कणा. वऱ्हाडीत ती आपसूक तालात बसतात. "आजी, तुह्ये कान येवढे मोठे कायले वं?" "तुह्यं आयकाले, माय." मग पाहाले, धराले आणि शेवटी खाले. पण पुस्तकात वऱ्हाडी बोलतो फक्त लांडगा. पोर आणि आजी छापील मराठीत. हे खटकतं. बोलू द्या ना सगळ्यांना.

चारही प्रश्न एकाच पानावर कोंबलेत. बत्तीस पानं, म्हणजे सोळाचे दोन फॉर्म (छापील कागदाच्या सोळापानी घड्या), त्यात जागेची ओढाताण होतेच. मग शिदोरी बांधायला तीन जोडपानं कशाला? चौथा प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी हवा, उत्तर पान उलटल्यावर. जबडा जोडपानाच्या मधोमध काढल्यानं पुढचे दात शिवणीत गेलेत. चार बोटं डावीकडे सरकवला असता तर वाचले असते. मुलांना वाचून दाखवताना प्रश्नांवर कागदाची पट्टी ठेवा आणि एकेका ओळीनं खाली सरकवा. पुस्तक खालून, मधोमध धरा, म्हणजे अंगठा चित्रावर येत नाही.

शेवटी बंदूकवाला शिकारी येतो. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या कथेत तो नाहीच, पोर वाचतही नाही, शिकारी ग्रिमांचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्याच्या मागोमाग वनखात्याची जीप काढावी लागेल. त्यापेक्षा ग्रिमांनीच जोडलेला दुसरा शेवट घ्यावा: लांडगा छपरावर दबा धरून बसतो, आजी पोरीकरवी सॉसेज उकडलेलं पाणी दारातल्या दगडी कुंडात ओतवते, वासानं मान ताणता ताणता तो घसरतो आणि बुडतो. कौलारू घर आणि गुरांची डोणी आपल्याकडे आहेतच. सॉसेजच्या पाण्याऐवजी सावजी रस्सा ओता, मान आणखी लांब होईल.