बँकॉकचा पहिला दिवस आणि चौकातला ब्रह्मदेव

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबईहून बँकॉकला जाणारी बरीच विमानं रात्री उशिरा सुटतात आणि पहाटे उतरतात. प्रवास चार-सव्वाचार तासांचा, आणि तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. म्हणजे धड झोप झालेली नसते, बाहेर उजाडलेलं असतं आणि हॉटेलची खोली मिळणार असते दुपारी दोनला. हे मधले सात-आठ तास बहुतेक मंडळी हॉटेलच्या सोफ्यावर पेंगत काढतात. आज बोलायचंय ते या सात-आठ तासांबद्दल.

विमानतळाच्या पाटीवर नाव आहे सुवर्णभूमी. पण तिथल्या माणसाच्या तोंडी ते ‘सुवन्नफूम’ होतं. थाई लिपी संस्कृत शब्दाची अक्षरं जपून ठेवते आणि जीभ त्यातला शेवट सोडून देते. भूमीचं फूम, ब्रह्माचं फ्रोम. लिहिताना संस्कृत, बोलताना थाई. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आपल्या स्वस्तीवरून आलेला ‘सवातदी’ म्हणजे तिथला नमस्कार. त्याला पुरुषानं ‘ख्राप’ जोडायचं आणि बाईनं ‘खा’. समोर कोण आहे यावर ते ठरत नाही, बोलणारं कोण आहे यावर ठरतं. आपले लोक इथे हमखास चुकतात.

उतरण्याआधीचं एक काम घरूनच करायचं. 1 मे 2025 पासून थायलंडनं आगमनाचं कार्ड ऑनलाइन केलंय. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते सरकारी संकेतस्थळावर भरायचं. ते फुकट आहे. पुन्हा सांगतो, फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर ते सरकारी नाही, बंद करा.

आता पैसे. सामान घेऊन बाहेर आलात की समोरच नोटा बदलून देणाऱ्या खिडक्या दिसतात. तिथे बदलू नका. तळघराच्या मजल्यावर, रेल्वेस्टेशनच्या तोंडाशी, छोट्या खिडक्या आहेत. त्यांचा दर चांगला असतो. एटीएममधून काढलेत तर दर वेळी दोनशेहून जास्त बाथ शुल्क कापलं जातं, म्हणून काढायचे ते एकदाच काढा. मशीननं ‘रक्कम रुपयांत करून देऊ का’ असं विचारलं तर ‘नको’ दाबा, नाहीतर तिथला दर तुमच्या माथी बसतो. हातात हजाराची नोट आली की एखादी पाण्याची बाटली घेऊन ती मोडून घ्या. टॅक्सीवाल्याकडे हजाराचे सुटे नसतात.

टॅक्सी की रेल्वे? टॅक्सी तळमजल्यावर मिळते. यंत्रातून चिठ्ठी निघते, तिच्यावर रांगेचा क्रमांक असतो, त्या क्रमांकापाशी गाडी उभी असते. चिठ्ठी ड्रायव्हरला देऊन टाकू नका, तक्रार करायची वेळ आली तर तीच लागते. मीटर 35 बाथपासून सुरू होतं, वर विमानतळाचे 50 आणि रस्त्यावरचा टोल प्रवाशाचा. चौघं असाल, म्हातारं माणूस असेल, तर टॅक्सीच करा.

पण एकटे-दुकटे असाल तर रेल्वेनं जा. 45 बाथ, फाया थाई या शेवटच्या स्टेशनापर्यंत अर्धा तास. विमानतळ हे सुरुवातीचं स्टेशन, त्यामुळे बसायला जागा मिळते. बॅग डब्याच्या टोकाला, स्वतःच्या गुडघ्याला टेकवून ठेवा, कारण सकाळी सात ते नऊ ऑफिसची गर्दी चढते आणि मग हलता येत नाही. विमानतळाच्या तळघरातून बाहेर पडली की गाडी उंचावरून धावते. आधी पाणथळ शेतं, मग कालवे, कालव्याकाठची पत्र्याची घरं, मधूनच देवळाचं केशरी-हिरवं छप्पर, मग एकावर एक चढलेले उड्डाणपूल. शहराची ओळख अशी कडेकडून आत येत व्हावी. मला विचाराल तर मोठ्या चाकाच्या बॅगेनं आपल्या लोकांचे निम्मे प्रवास खराब केलेत. आठ दिवसांना सात-आठ किलो कपडे पुरतात. धोब्याची दुकानं तिथे गल्लोगल्ली आहेत, किलोवर कपडे धुऊन देतात.

फाया थाईला उतरलात की पुलावरून बीटीएसमध्ये, म्हणजे शहराच्या आकाशरेल्वेत, जाता येतं. तिचं तिकीट वेगळं, विमानतळ रेल्वेचं वेगळं, भुयारी मेट्रोचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. बीटीएसचं तिकीट पातळ कार्डासारखं असतं आणि ते उतरल्यावर फाटकात पुन्हा घालायचं असतं, म्हणून सांभाळा. आणि अंगावर घ्यायला पातळ शाल किंवा ओढणी वरच ठेवा. बाहेर मुंबईच्या मे महिन्याचा घाम आणि डब्यात शीतगृह, असा प्रकार आहे.

फाया थाईपासून तिसरं स्टेशन चितलोम. तिथे उतरा. हॉटेल कुठेही असो, पहिल्या दिवशी चितलोमला उतरा. का, ते आता सांगतो.

स्टेशनाला लागून उंचावर पादचारी पूल आहे. त्यावरून राचप्रसोंगच्या चौकापर्यंत चालत जा आणि कठड्यापाशी थांबून खाली पाहा. चारी बाजूंनी मॉल आणि हॉटेलं, डोक्यावर आकाशरेल्वेचे दोन मजली रूळ, खाली सिग्नलला थांबलेल्या शेकडो मोटारसायकली. आणि या सगळ्याच्या कोपऱ्यात, फुटपाथला लागून, पिवळ्याधमक झेंडूच्या राशीत बसलेला सोनेरी, चार तोंडांचा देव. तो ब्रह्मदेव. थाईत फ्रा फ्रोम.

आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ म्हटलं की पुष्कर सांगतात आणि पुढे बोटं थांबतात. मग तो बँकॉकच्या सगळ्यात गजबजलेल्या चौकात कसा येऊन बसला? गोष्ट मुहूर्ताची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर थायलंडमध्ये परदेशी पाहुणे वाढायला लागले. सरकारनं ठरवलं, राजधानीत एक मोठं हॉटेल बांधायचं. नाव ठेवलं एरावान, म्हणजे ऐरावत, इंद्राचा हत्ती. 1950 च्या दशकात काम सुरू झालं आणि विघ्नांची रांग लागली. मजूर जखमी होऊ लागले, खर्च अंदाजाबाहेर गेला, आणि परदेशातून संगमरवर घेऊन येणारं जहाजच बुडालं असं सांगतात. मजूर कामावर यायला तयार होईनात. शेवटी ज्योतिष जाणणारा नौदलातला एक अधिकारी बोलावला. त्यानं कागद पाहिले आणि निदान केलं: पायाभरणीचा मुहूर्त चुकलाय. ऐरावताचं नाव घेतलंत, ते साध्या जागेला पेलत नाही. ब्रह्मदेवाची स्थापना करा.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. थाई माणूस घर बांधो, दुकान बांधो की पंचवीस मजली इमारत, आवारात एका खांबावर छोटं देवघर उभारतो. त्या देवतेचं नाव फ्रा फूम. फूम म्हणजे भूमी, आत्ताच आपण पाहिलं. आपला वास्तुपुरुष किंवा गावाच्या वेशीवरचा राखणदार, तसाच हा जागेचा मालक. नियम असा, की मोठ्या इमारतीची सावली या देवघरावर पडू नये. म्हणून जागा ठरवायला जाणकार लागतो. रोज सकाळी तिथे उदबत्ती, पाणी, फुलं ठेवतात आणि फार वेळा लाल फँटाची बाटली ठेवतात. टोपण काढलेली, आत स्ट्रॉ घातलेली. कुठल्याही गल्लीत मान वळवा, ही लाल बाटली दिसेल. पाहुण्याला नळी घालून सरबत द्यावं इतक्या आपुलकीनं ठेवलेली असते, तिच्याकडे थट्टेनं पाहू नका.

तर या हॉटेलाला साधा भूमिदेव पुरणार नव्हता, म्हणून ब्रह्मदेव. सरकारच्या ललितकला विभागानं मूर्ती घडवली, वर सोन्याचा मुलामा दिला आणि 9 नोव्हेंबर 1956 ला स्थापना झाली. विघ्नं थांबली, हॉटेल उभं राहिलं, आणि लोकांनी मनाशी नोंद केली की हा देव ऐकतो.

पुढे हॉटेल चाललं आणि जुनंही झालं. 1987 साली ते पाडलं, 1991 मध्ये त्या जागी नवं उभं राहिलं. ज्या इमारतीच्या रक्षणासाठी देव बसवला ती इमारत गेली, देव मात्र जागेवरून हलला नाही. मार्च 2006 मध्ये एका मानसिक आजारी माणसानं हातोड्यानं मूर्ती फोडली, आणि जमलेल्या लोकांनी त्याला मारहाण करून ठार केलं. देवापुढे झालेली ती हत्या होती, दुसरा शब्द नाही. दोन महिन्यांत मूर्ती पुन्हा बसली. मग 17 ऑगस्ट 2015 च्या संध्याकाळी इथेच बॉम्ब फुटला, 20 माणसं गेली. दोन दिवसांत आवार भाविकांसाठी उघडलं.

आता खाली उतरून आत जा. पूजेचा संच दारातच मिळतो. पारंपरिक हिशेब चारच्या पाढ्याचा आहे: प्रत्येक तोंडापुढे तीन उदबत्त्या आणि एक माळ, म्हणजे एकूण 12 उदबत्त्या आणि चार माळा. दारासमोरच्या तोंडापासून सुरुवात करायची आणि देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं. प्रदक्षिणाच ती, आपल्याला शिकवावी लागत नाही. चप्पल काढावी लागत नाही, फक्त देवाकडे पाय करून बसू नका.

दहा मिनिटं बाजूला उभे राहा. मांडवात नर्तकी बसलेल्या दिसतील, डोक्यावर सोनेरी टोकदार मुकुट, जवळच बांबूच्या नावेसारखं दिसणारं वाद्य. कुणीतरी खिडकीवर पैसे भरतं, दोन, चार, सहा किंवा आठ नर्तकी हव्यात ते सांगतं आणि येऊन गुडघ्यावर बसतं. गाण्यात त्या माणसाचं नाव गुंफतात. हा नवस फेडणं चाललंय. थाईत नवसाला ‘बोन’ म्हणतात, फेडण्याला ‘के बोन’. नोकरी लागली, ऑपरेशन नीट झालं, मूल झालं, की येऊन बोललेलं फेडायचं. कुणी नाच देतं, कुणी लाकडी हत्ती. नवस बोलून विसरलं तर काय होतं, याची भीती तिथेही अगदी आपल्या आजीच्या शब्दांत सांगतात.

आणि झेंडू! दादरच्या फुलबाजारात वाढलेल्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटेल. थाईत झेंडूला ‘दाओ रुआंग’ म्हणतात, चमकणारा तारा. शहराच्या जुन्या भागात पाक ख्लोंगचा फुलबाजार आहे, तो रात्री भरात असतो. तिथे लांब सुईनं मोगऱ्याच्या कळ्या ओवणाऱ्या बायका बघा. एक कळीही वाकडी जात नाही. आपल्याकडे आता प्लॅस्टिकची तोरणं दारादारांत लटकतात, ते मनाला लागतं. फूल ओवणं हे हातचं काम आहे आणि ते हातातून गेलं की परत येत नाही.

या एका चौकात देवांची वस्तीच आहे. समोर गरुडावर बसलेला नारायण, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर लक्ष्मी, पलीकडे इंद्र, उमादेवी, गणपती. मोठ्या मॉलच्या अंगणात त्रिमूर्ती आहे. तिथे दर गुरुवारी रात्री साडेनऊला तरुण मुलंमुली लाल गुलाब घेऊन जोडीदार मागायला जमतात. गुरुवारच का, तर थाईतही त्या वाराचं नाव बृहस्पतीचंच आहे.

वेळ संपत आली, म्हणून बाकीचं भरभर. शाकाहारी असाल तर दोन शब्द पाठ करा. ‘मांगसविरात’, म्हणजे मांस-विरती. यात अंडं, दूध चालतं. आणि ‘जे’, पिवळ्या पाटीवर लाल अक्षर; यात मांस, अंडं, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनी जे शोधावं. नुसतं ‘भाजी’ म्हणून मागवलंत तर त्यात नाम प्ला, म्हणजे माशाचा रस, पडलेला असतोच. मीठच ते तिथलं. ‘माय साय नाम प्ला’ म्हणा, तो घालू नका. पुन्हा म्हणतो: माय साय नाम प्ला.

राजवाड्याकडे गेलात तर कुणी नीटनेटका गृहस्थ रस्त्यात गाठून सांगेल, आज राजवाडा बंद आहे, पण टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, 20 बाथमध्ये बाकीची देवळं दाखवील. ती टुकटुक रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानापाशी थांबते, कारण ड्रायव्हरला तिथून दलाली मिळते. चालत थेट तिकीट खिडकीपर्यंत जा आणि तिथेच विचारा. साडेआठला उघडतो, तिकिटं दुपारी साडेतीनपर्यंत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातून परत पाठवतात.

आणि संध्याकाळी बरोबर सहा वाजता आकाशरेल्वेच्या स्टेशनात असाल, तर भोंग्यातून राष्ट्रगीत सुरू होईल. जिन्यावरची, फलाटावरची, फाटकाशी कार्ड हातात धरलेली, सगळी माणसं असतील तिथे थांबतात. तुम्हीही थांबा, बॅग खाली ठेवा. मिनिटभरानं गीत संपतं, आणि गर्दी मधल्या पावलापासून पुन्हा चालायला लागते.

नमस्कार.