फॅक्सच्या पहिल्या पंधरा सेकंदांत काय ठरतं

मंडळी, फॅक्स लागल्यावर यंत्रातून जी किंचाळी येते, ती नकोशी म्हणून बहुतेक कार्यालयांत स्पीकर बंद केलेला असतो. तो चालू ठेवा. मेनूतले निम्मे शब्द त्या आवाजातच आहेत, आणि फॅक्स नेमका कुठे अडला हेही तिथेच कळतं.

पाठवणारं यंत्र नंबर फिरवून झाल्यावर दर साडेतीन सेकंदांनी अर्धा सेकंद ‘पीप’ करतं. हा ११०० हर्ट्‌झचा सीएनजी टोन, म्हणजे ‘इथे फॅक्स बोलतोय’ अशी हाक. समोरचं यंत्र फोन उचलून २१०० हर्ट्‌झचा एक सलग सूर तीनेक सेकंद देतं. पीपला उत्तरच आलं नाही, तर पलीकडे फॅक्स नाही, माणसाने फोन उचललाय किंवा यंत्र मॅन्युअलवर आहे.

सूर थांबला की गुरगुर सुरू होते. सेकंदाला फक्त ३०० बिट, मुद्दाम संथ, म्हणजे वाईट लाइनवरही समजावं. घेणारं यंत्र सांगतं की मला अमुक वेग, अमुक रिझोल्यूशन (ठिपक्यांची दाटी), ईसीएम (चूक दुरुस्ती) जमतं. पाठवणारं त्यातून निवड करतं आणि ठरलेल्या वेगाने दीड सेकंद नुसती शून्यं पाठवून बघतं. ती नीट पोचली तर पान निघालं. नाही पोचली तर वेग एक पायरी खाली: १४,४००, १२,०००, ९,६००, असं करत २,४०० पर्यंत. आवाजाचे तेच तेच तुकडे दोन-चारदा ऐकू आले, तर ही घसरण चाललीय असं समजा. लाइनमध्ये खरखर आहे, किंवा ब्रॉडबँडचा स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी) बसवलेला नाही, किंवा त्याच लाइनवरच्या दुसऱ्या फोनचा रिसीव्हर कोणीतरी उचललाय. कॉल वेटिंगची टिकटिकही पान बिघडवते, फॅक्सच्या लाइनवर ती सेवा ठेवूच नका.

आता रिझोल्यूशन. १९८० च्या ग्रुप ३ या फॅक्सच्या मानकात आडव्या ओळीत १७२८ ठिपके असतात, मिलिमीटरला आठ. स्टँडर्ड, फाइन, सुपरफाइन यांत आडवा आकडा सहसा तोच राहतो. उभ्या दिशेच्या ओळी तेवढ्या वाढतात: मिलिमीटरला ३.८५, ७.७ आणि १५.४. ए-फोर पान स्टँडर्डमध्येच वीसेक लाख ठिपक्यांचं होतं. जसंच्या तसं पाठवलं तर १४,४०० च्या वेगानेही दोन मिनिटांवर जाईल. टाइप केलेलं पत्र त्याहून खूप लवकर जातं, कारण सलग पांढरी जागा ‘इतके ठिपके पांढरे’ एवढ्यात सांगून होते. म्हणूनच गुलाबी किंवा गडद पिवळ्या कागदावरचा फॉर्म अडकतो. पार्श्वभूमीचे बारीक ठिपके उमटतात आणि थोडक्यात सांगण्याचं हे आकुंचन कोलमडतं. आधी फिकी झेरॉक्स काढा, ती पाठवा. बारीक अक्षरांच्या सातबाऱ्याला फाइन घ्या. फोटो मोड मजकुरासाठी कधीच नको.

आता ती चूक दुरुस्ती, ईसीएम. पान २५६ बाइटच्या तुकड्यांत जातं, बिघडलेले तुकडे पुन्हा मागवले जातात. साध्या टेलिफोन लाइनवर ते चालूच ठेवावं. इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन लाइनवर मात्र गोष्ट उलटी होऊ शकते. आवाजाचे तुकडे वाटेत हरवतात, यंत्र परत परत मागत राहतं आणि पाच पानांचा फॅक्स तिसऱ्यावर तुटतो. तिथे आधी वेग ९,६०० वर आणा, सुपर जी-३ (ग्रुप ३ चा जास्त वेगाचा प्रकार) बंद करा. फोन लाइन इंटरनेटला जोडणाऱ्या गेटवेमध्ये टी.३८, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची खास पद्धत, आहे का विचारा. नसेल तर आवाज न दाबणारा जी.७११ कोडेक हवा. आवाज दाबणाऱ्या जी.७२९ वर फॅक्स जाणार नाही, कितीही वेळा करा. ईसीएम बंद करणं हा शेवटचा उपाय: फॅक्स पूर्ण होतो, पण एखाददुसरी ओळ खराब येऊ शकते. रकमांचे कागद असतील तर हे करू नका.

ऑटो मोडमध्ये घेणाऱ्या यंत्रापाशी माणूस लागत नाही, कागद संपला तरी बहुतेक यंत्रं मेमरीत घेऊन ठेवतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये मेहबूबा मुफ्तींचं सत्तास्थापनेच्या दाव्याचं पत्र जम्मू-काश्मीरच्या राजभवनात फॅक्सने पोचलं नाही, आणि ईदच्या सुट्टीमुळे तिथे कोणी नव्हतं, असं राज्यपाल सत्यपाल मलिक म्हणाले, तेव्हा अनेक तंत्रज्ञांच्या भुवया उंचावल्या असतील.

रिपोर्टवरच्या ‘ओके’चा अर्थही मर्यादित आहे. समोरच्या यंत्राने पान स्वीकारलं, एवढंच. ते छापलं गेलं का, योग्य टेबलावर गेलं का, याची हमी नाही. रिपोर्टवर समोरच्या यंत्राने कळवलेला स्वतःचा नंबर असेल, तर तो फिरवलेल्या नंबरशी ताडून बघा. चुकीच्या ठिकाणी गेलेला फॅक्सही ‘ओके’च असतो.

पाठवलेल्या पानावर उभी काळी रेघ येते, अशी तक्रार आली की आपल्याच यंत्रावर कॉपी काढा. कॉपीतही रेघ असेल तर फीडरखालच्या अरुंद काचेवर व्हाइटनरचा किंवा शाईचा ठिपका वाळलाय. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. थर्मल (उष्णतेने छापणाऱ्या) यंत्रावर छपाईत उभी पांढरी रेघ दिसली तर छापणाऱ्या हेडचा ठिपका मेलाय किंवा त्यावर घाण बसलीय. थर्मल कागदावरची अक्षरं उन्हाने, उष्णतेने उडतात, फाइलला झेरॉक्स लावा.

शाईच्या फिल्मचा रोल वापरून साध्या कागदावर छापणारी यंत्रं अजून काही ठिकाणी आहेत. वापरलेल्या फिल्मवर छापलेलं प्रत्येक पान उलट्या रंगात जसंच्या तसं वाचता येतं. तो रोल कचऱ्यात टाकण्याआधी कापून टाका.