कडधान्य पिकवायचं, तर विकत कोण घेणार?

[दृश्य: मातीसकट उपटलेलं रोप, मुळं अगदी जवळून]

हे घेवड्याचं रोप. हलक्या हातानं माती झटकली की मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतात. त्यातली एक नखानं फोडून पाहा. आतून गुलाबी निघाली तर जिवाणू कामाला लागलेत, हवेतलं नत्र (नायट्रोजन) रोपाला मिळतंय. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती गाठ असून नसल्यासारखी. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये हे कोडं उलगडलं. कडधान्याचा बेवड, म्हणजे ते आधी घेतलेलं रान, गव्हाला मानवतो, हे शेतकऱ्यांना मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

पण शेंगवर्गातल्या इतर पिकांच्या मानानं घेवडा नत्र बांधण्यात मागे पडतो. त्यात योग्य जिवाणू जमिनीत नसले, तर बियाण्याला जिवाणू संवर्धक, म्हणजे हेच जिवाणू असलेलं मिश्रण, चोळूनच पेरावं लागतं. ते पेरणीच्या आठवड्यात हाताशी हवं, नंतर मिळून काही उपयोग नाही. सरकारचं काम इथूनच सुरू होतं.

[दृश्य: एका बाजूला गव्हाचं शेत, दुसऱ्या बाजूला घेवड्याचं]

दाण्यात वीस ते पंचवीस टक्के प्रथिनं, वर युरियाची बचत. तरी शेतकरी गव्हाकडे वळतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. गव्हाचा उतारा जास्त आणि भरवशाचा. घेवड्यावर रोग पडतो, फुलोऱ्यात ऊन तापलं की फुलं गळतात आणि पीक चांगलं आलं की भाव पडतो.

बियाण्याची अडचण तर फारशी कुणी बोलतही नाही. घेवड्यात स्वपरागीभवन होतं, म्हणजे फूल स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे घरचं बी राखून पुन्हा पेरता येतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे उत्तमच, पण दर हंगामात विक्री होणार नाही म्हणून खासगी कंपन्या नव्या वाणांवर फारसा खर्च करत नाहीत. तो खर्च सार्वजनिक संशोधनानंच उचलायला हवा. रवांडात असं संशोधन झालं. तिथे जास्त लोह असलेले घेवड्याचे वाण शेतकऱ्यांपर्यंत पोचले.

[दृश्य: मोठं स्वयंपाकघर, भिजत घातलेला राजमा]

आता ताटाकडे. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळलं. कॅनडानं २०१९ च्या आहार मार्गदर्शिकेत वनस्पतिजन्य प्रथिनांना झुकतं माप दिलं. डेन्मार्क २०२१ पासून रोज सुमारे १०० ग्रॅम शिजवलेली कडधान्यं खायला सांगतो. हे सगळं हवंच. पण फलक वाचून कुणी रात्री राजमा, म्हणजे घेवड्याचाच वाळलेला दाणा, भिजत घालत नाही. शिवाय राजमा कच्चट राहिला तर पोट बिघडतं. भिजवलेलं पाणी फेकून तो किमान दहा मिनिटं खळखळ उकळावा लागतो, मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. शेकडो मुलांसाठी रांधणाऱ्याला हे कुणीतरी शिकवायला हवं. डेन्मार्कच्या २०२३ च्या कृती आराखड्यात स्वयंपाक्यांच्या प्रशिक्षणावर भर आहे, आणि मला त्यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

[दृश्य: शाळेतली जेवणाची पंगत]

शेत आणि ताट जोडायची खरी जागा म्हणजे सरकारी खर्चानं चालणारी स्वयंपाकघरं. ब्राझीलमध्ये २००९ च्या कायद्यानं शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के वाटा कौटुंबिक शेतीच्या मालावर खर्च करणं बंधनकारक झालं. फ्रान्सनं २०१८ च्या कायद्यानं शाळांमध्ये आठवड्यातून एक जेवण शाकाहारी केलं. अशानं मागणी आधी कळते, आणि आधी कळलेल्या मागणीवरच शेतकरी पेरा ठरवतो.

म्हणून खरेदीचा करार पेरणीआधी हवा: किती क्विंटल, काय भावानं, पैसे किती दिवसांत. बाहेरून स्वस्त माल आला म्हणून काढणीनंतर हा करार मोडता कामा नये. घेवडा एकदा पेऱ्यातून गेला की घरचं बी संपतं, मळणीची सोय बंद पडते, आणि पुढच्या वर्षी अनुदान जाहीर झालं तरी पेरायला कुणी धजत नाही.