इंजिनाशेजारचा संगणक

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्यांमध्ये वाहनांचे ओतीव सुटे भाग तयार होतात. असे भाग ज्या इंजिनांत बसतात, त्यांच्या शेजारी, अनेकदा बॉनेटखालीच, ईसीएम हा इंजिनाचे काम नियंत्रित करणारा छोटा संगणक बसवलेला असतो. घरगुती उपकरणांतील साधारण चिपसाठी 0 ते 70 अंश सेल्सिअस एवढीच मर्यादा धरलेली असते. वाहनांसाठीच्या एईसी-क्यू100 मानकातील श्रेणी 1 ची चिप मात्र उणे 40 ते 125 अंशांपर्यंत चालावी लागते.

तरीही नुसत्या उष्णतेपेक्षा तापमानाचा चढउतार अधिक घातक ठरतो. सर्किट बोर्ड आणि त्यावरील सिरॅमिकचे घटक सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे प्रत्येक तापण्या-निवण्यात दोघांमधील ओढाताण सोल्डरच्या सांध्याला सोसावी लागते. त्यात पडलेली बारीक चीर वर्षानुवर्षे वाढत राहते. मग गाडी खड्ड्यात आदळली की संपर्क तुटतो आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीत तो पुन्हा जुळलेला असतो. मेकॅनिकला दोष सापडत नाही, यात त्याचा अपराध नाही.

पाण्याचे गणित याहून चमत्कारिक आहे. जुलैत करूळ घाट चढून गगनबावड्याला आलेल्या गाडीच्या तापलेल्या ईसीएमवर पाणी उडाले, की पेटीतील हवा आकुंचन पावते, आतला दाब घटतो आणि सीलमधील सूक्ष्म फटीतून पाणी आत ओढले जाऊ शकते. म्हणूनच अनेक पेट्यांना मुद्दाम छिद्र ठेवून त्यावर हवा जाऊ देणारा, पण पाणी अडवणारा पडदा बसवतात.

अवकाशयानातील संगणकापुढचे प्रश्न आणखी वेगळे. अवकाशात पाऊस नाही, तशी हवाही नाही. त्यामुळे पंखा निरुपयोगी ठरतो आणि उष्णता धातूच्या चौकटीतूनच बाहेर न्यावी लागते. शिवाय एखादा भारित कण चिपमधून आरपार गेला, तर मेमरीतील शून्याचा एक होऊ शकतो. म्हणूनच येथे नवेपणा किंवा वेगापेक्षा भरवसा मोलाचा ठरतो. इस्रो आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीने प्रक्षेपकांसाठी घडवलेला ‘विक्रम 3201’ हा प्रोसेसर 180 नॅनोमीटरच्या जुन्या तंत्राने बनतो. मंगळावरील ‘क्युरिऑसिटी’ या नासाच्या रोव्हरचा किरणोत्सर्ग सोसणारा प्रोसेसर जेमतेम 200 मेगाहर्ट्झचा आहे, फोनच्या जाहिरातीत हा आकडा कोणी छापणार नाही. दुरुस्तीला तेथे कोणी जाणार नसल्याने संगणकही दोन ठेवले आहेत. 2013 मध्ये पहिल्याच्या मेमरीत बिघाड झाला, तेव्हा कारभार दुसऱ्याकडे सोपवण्यात आला आणि 2018 मध्ये दुसरा अडखळल्यावर पहिल्यालाच पुन्हा कामाला लावण्यात आले.