गोदाकाठचे दखनी शीख

मित्रहो, 2011 च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या 33,61,292 भरली. तीत शिखांचे प्रमाण शेकडा एकही नाही. तरीसुद्धा अमृतसर-लुधियानाकडच्या माणसापुढे नांदेडचे नाव काढले, तर तो हात जोडून ‘हजूर साहिब’ म्हणतो; नांदेडच्या गुरुद्वाराचे हे नाव. ही एवढी तफावत का, हे आज आपल्याला पाहायचे आहे.

1708 साली गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहाच्या लष्करासोबत दक्षिणेत आले आणि गोदावरीच्या काठी राहिले. येथेच त्यांना माधोदास नावाचा बैरागी भेटला. पुढे 1710 मध्ये सरहिंद जिंकणारा बंदासिंग बहादूर तो हाच. त्याच वर्षी, म्हणजे ऑक्टोबर 1708 मध्ये, गुरूंचे नांदेडात देहावसान झाले, आणि त्यांच्या आज्ञेने गुरुपद ग्रंथसाहिबाकडे गेले. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदे आधीपासून होती, हे नांदेडात बोलताना सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

पुढे वस्ती टिकली ती मात्र शिपाई आणि कारागिरांमुळे. आजची गुरुद्वाराची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात, निजामाच्या मुलखात, उभी करवली; पंजाबातून पैसा आला, माणसे आली. निजामाच्या चाकरीतही शीख फौज होती. जे परत गेले नाहीत, त्यांच्या वंशजांना दखनी शीख म्हणतात. त्यांना पाहुणे समजणे ही आपली चूक आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. ज्यांच्या कित्येक पिढ्या याच मातीत गेल्या आणि जे बाजारात तुमच्या-आमच्याशी मराठीतच बोलतात, ते या जिल्ह्याचेच लोक आहेत.

त्यांच्या उपासनेतही गोदावरी आहे. सेवादार नदीवर जाऊन चांदीच्या घागरीत पाणी भरून आणतो आणि त्या पाण्याने तख्ताचे, म्हणजे शिखांच्या या धर्मपीठाचे, स्थान धुतले जाते. संध्याकाळी आरतीला दिवे ओवाळतात. पंजाबातून प्रथमच आलेला भाविक यातल्या काही रीती नवलाने पाहत राहतो.

बाकीचा जिल्हाही एकरंगी नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद या सीमेवरच्या तालुक्यांत तेलुगू कानी पडते, नांदेड शहरात उर्दू, आणि किनवटच्या डोंगराळ भागात गोंड, कोलाम व आंध यांची वस्ती आहे. 1948 पर्यंत हा सारा प्रदेश निजामाकडे होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळसारखा भाग जिल्ह्यातून तेलंगणाच्या बाजूला गेला, त्यामुळे भाषेची सरमिसळ समजून घ्यायची तर जुने नकाशे समोर ठेवावे लागतात. गुरुद्वारा मंडळाचा कायदाही त्याच 1956 मधला, हैदराबाद राज्याने केलेला.

2008 मध्ये गुरु-ता-गद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबाकडे गुरुपद गेल्याची, 300 वर्षे साजरी झाली. त्या निमित्ताने शहरातले रस्ते आणि नदीचे घाट सुधारले, आणि विमानतळ आज गुरू गोविंदसिंगांच्याच नावाने ओळखला जातो. बाहेरून येणारा भाविक दोन-चार दिवस राहतो, लंगरात जेवतो आणि सचखंड एक्स्प्रेसने परततो. जनगणना वास्तव्य करणाऱ्यांचीच मोजदाद करते. या येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिच्या कोष्टकात नांदेडचा रकाना मिळत नाही.